मॉडेल विमानाची सर्वो-भुजा : तिची निवड आणि तिची परीक्षा

विमानाचे मॉडेल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ते रबराच्या पिळावर पंखा फिरविणारे, हातातून सुटले की खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर जाऊन आदळणारे एखादे हलकेफुलके खेळणे. रेडिओच्या साहाय्याने उडविली जाणारी मोठी मॉडेल विमाने या कल्पनेत बसत नाहीत. अमेरिकेतील ‘इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था एकपंखी विमानाच्या पंखांचा पल्ला किमान ८० इंच, म्हणजे दोन मीटरांहून थोडा अधिक, असेल तरच त्यास ‘महाकाय’ म्हणून मान्यता देते. द्विपंखी विमानास ६० इंच पुरतात. त्याच देशात १९३६ साली स्थापन झालेल्या ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ने ५५ पाउंडांहून, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅमहून, जड असणाऱ्या मॉडेलांसाठी तपासणीचे निराळे नियम केले आहेत. पेट्रोलवर चालणारी इंजिने, मनुष्याच्या उंचीहून लांब धड आणि गिरणीच्या भोंग्यासारखा दूरवर ऐकू जाणारा आवाज, असा या विमानांचा थाट असतो.

हा छंद निरुपद्रवी आहे, पण तो पुरेशी काळजी घेतली तरच. १५ किलोग्रॅम वजनाचे असे एक विमान सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, वेगाने जात आहे असे समजू. त्याच्या अंगची गतिज ऊर्जा १२,००० जूल भरते. तेवढ्याच वजनाचा धोंडा सुमारे ८२ मीटर उंचीवरून, पंचवीस मजली इमारतीच्या माथ्यावरून म्हणा, खाली सोडला तर जमिनीशी पोचताना त्याच्या अंगी एवढीच ऊर्जा असते. या धोंड्याला आकाशात वळविणारा, वर चढविणारा आणि प्रेक्षकांपासून दूर ठेवणारा मनुष्य विमानात नसतो. तो मैदानाच्या कडेला उभा असतो. त्याची बोटे आणि विमानाच्या हलत्या झडपा यांना जोडणाऱ्या साखळीत प्रेषक, ग्राहक, विजेऱ्या, तारा, सर्वो, भुजा, दांड्या आणि बिजागऱ्या असे अनेक दुवे आहेत. त्यांपैकी सर्वोची भुजा हा दुवा दिसायला अगदी क्षुल्लक, तीन-चार सेंटिमीटर लांबीचा आणि काही ग्रॅम वजनाचा. सर्वो विकत घेताना त्याच्या डबीत ती बहुधा फुकट मिळते, आणि त्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

सर्वो म्हणजे काय

‘सर्वो’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘दास’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर वळविणारे यंत्र तयार केले व १८७३ साली त्यावर ग्रंथ लिहून त्यास हे नाव रूढ केले. सुकाणूवाल्याने आपला दांडा जेवढा फिरवावा तेवढेच सुकाणू वळावे, आणि त्याने थांबविताच तेथेच थांबावे, ही त्या यंत्रातील खरी गोम होती. दास बलवान खरा, पण धन्याच्या इशाऱ्यापलीकडे एक पाऊलही न टाकणारा.

मॉडेल विमानांपर्यंत ही कल्पना पोचण्यास बराच काळ लागला. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे आठ फूट पल्ल्याचे मॉडेल रेडिओने उडवून दाखविले, तेव्हा त्याचे सुकाणू हलविण्यास पिळलेल्या रबराची ओढ आणि तिला एकेका टप्प्याने मोकळी करणारा विद्युत् चुंबक एवढीच सामग्री होती. (हे विमान पुढे १९६० साली वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेस देण्यात आले.) सुकाणू अर्धवट वळविणे अशा यंत्रणेस शक्य नसे. काठी जितकी ढकलावी तितकीच झडप हलावी, अशी प्रमाणशीर नियंत्रणे १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली आणि फार्कोचा दास विमानात रुजू झाला.

आजच्या सर्वोच्या चौकोनी डबीत एक छोटी विद्युत् चलित्र, तिची गती कमी करून बळ वाढविणारी दंतचक्रांची माळ, शेवटच्या अक्षाचा कोन सांगणारा एक बदलता विद्युत् रोध आणि या सर्वांवर देखरेख करणारे मंडल असते. रूढ पद्धतीत ग्राहकाकडून सेकंदाला सुमारे ५० वेळा एक विद्युत् स्पंद येतो. त्याचा कालावधी १.५ मिलिसेकंद असला तर अक्षाने मध्यावर राहावयाचे, तो १ मिलिसेकंदाकडे घटला तर एका बाजूस आणि २ मिलिसेकंदांकडे वाढला तर दुसऱ्या बाजूस वळावयाचे. हुकूम आणि अक्षाची खरी जागा यांत तफावत आढळली की मंडल चलित्रास वीज पुरविते, आणि तफावत मिटली की ती तोडते. येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. सर्वो स्वतःच्या अक्षापुरताच प्रामाणिक असतो. अक्षाच्या पलीकडे भुजा वाकली, दात्यांवरून सरकली किंवा गळून पडली तर त्याचे ज्ञान त्यास होत नाही. हुकूम पार पडला अशीच त्याची समजूत राहते.

भुजेची लांबी

सर्वोच्या फिरविण्याच्या सामर्थ्यास आघूर्ण म्हणतात व ते किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये सांगण्याची प्रथा आहे. २० किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्वो अक्षापासून एक सेंटिमीटरवर २० किलोग्रॅमचा, तर अडीच सेंटिमीटरवर ८ किलोग्रॅमचा रेटा देतो. भुजा लांब तितकी हालचाल मोठी आणि रेटा कमी, हा तरफेचा सर्वश्रुत नियमच येथे लागू आहे.

आता या सामर्थ्याची गरज किती, हे पाहू. पंखाच्या मागील कडेस बिजागऱ्यांवर बसविलेल्या झडपेस एलेरॉन म्हणतात. मोठ्या मॉडेलाचे एलेरॉन ६० सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद आहे असे धरू. सेकंदाला ४० मीटर वेगाने येणाऱ्या हवेचा प्रवाहदाब दर चौरस मीटरला सुमारे १०० किलोग्रॅम असतो. पूर्ण वळविलेल्या झडपेवर सरासरीने एवढाच दाब पडतो आणि तो बिजागरीपासून रुंदीच्या एक-तृतीयांशावर एकवटला आहे असे मानले, तर ५.४ किलोग्रॅमचा भार ३ सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे १६ किलोग्रॅम-सेंटिमीटर आघूर्ण, आवरावे लागेल. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातील एक गोष्ट पक्की आहे : दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेच विमान सूर मारून ताशी २०० किलोमीटरवर गेले की १६ चे ३१ होतात.

झडपेवर बसविलेल्या उभ्या खुंटीस हॉर्न म्हणतात. भुजा एका दांडीने हॉर्न ओढते अथवा ढकलते. भुजा हॉर्नपेक्षा आखूड ठेवली तर सर्वोला अधिक फिरावे लागते, पण झडपेवरील त्याचे बळ वाढते. बहुतेक सर्वो मध्यापासून दोन्ही बाजूंस ६० अंशांपर्यंत फिरविता येतात. झडप ३० अंश वळणे पुरेसे असेल, तर हॉर्नची लांबी भुजेच्या सुमारे १.७ पट ठेवता येते. ४५ अंश हवे असतील, तर ती सुमारे १.२ पट ठेवावी लागते. आणि तरीही वळणाच्या शेवटी, जेथे हवेचा विरोध सर्वांत अधिक असतो, तेथे झडपेवर येणाऱ्या आघूर्णाच्या ५८ टक्केच भार सर्वोवर पडतो. तरफांचा हा अनुकूल स्वभाव विनामूल्य लाभतो.

नवशिके नेमकी याच्या उलट चूक करतात. हालचाल भरपूर मिळावी म्हणून ते डबीतील सर्वांत लांब भुजा बसवितात आणि झडप गरजेपेक्षा जास्त वळू लागली की प्रेषकावरील कळ दाबून सर्वोची फेर २० अंशांवर आणून ठेवतात. झडप पूर्वीसारखीच ३० अंश वळते, त्यामुळे जमिनीवर सारे ठीक दिसते. परंतु सर्वोचे दोन-तृतीयांश सामर्थ्य त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवलेले असते. दंतचक्रांत अर्ध्या अंशाचा ढिलेपणा असला, तर योग्य मांडणीत झडपेच्या मागील कडेशी तो अर्ध्या मिलिमीटरहून कमी दिसतो, आणि लांब भुजेच्या मांडणीत तोच १.१ मिलिमीटरहून अधिक होतो. ढिलेपणाचा हा आकडा किती महाग पडू शकतो ते पुढे येईलच.

दात्यांचा प्रश्न

सर्वोच्या अक्षावर बारीक उभे दाते असतात आणि भुजेच्या तुंब्यात त्यांना जुळणाऱ्या खाचा असतात. सर्व कारखानदारांनी दात्यांची एकच संख्या स्वीकारली असती तर बरे झाले असते, पण तसे घडले नाही. जपानच्या फुताबा कंपनीच्या प्रमाण सर्वोंना २५ दाते, जे. आर. या जपानी नाममुद्रेच्या सर्वोंना २३, तर कोरियाच्या हायटेक कंपनीच्या जुन्या प्रमाण सर्वोंना २४ दाते असतात. हायटेकचेही अनेक नवे सर्वो २५ दात्यांचे आहेत. अक्षाचा व्यास सर्वांचा जवळजवळ सारखाच, सहा मिलिमीटरांच्या आसपास, असल्याने खरा धोका निर्माण होतो. २४ खाचांची नायलॉनची भुजा २५ दात्यांच्या अक्षावर थोड्या जोराने दाबली की बसते, आणि बसली म्हणजे जुळली असे वाटते. वस्तुतः तिचे मोजकेच दाते नीट धरलेले असतात. जमिनीवर हाताने हलवून पाहता ती हलत नाही. हवेत भार आला की सालपट निघावे तशी सुटते. यास्तव भुजा व सर्वो वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले असतील, तर अक्षाचा ठसा मऊ मेणात वा साबणाच्या वडीवर घेऊन दाते भिंगाखाली मोजावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

दात्यांच्या संख्येत एक गणिती गंमतही दडलेली आहे. २५ दात्यांच्या अक्षावर भुजा एक दाता पुढे सरकविली की ती १४.४ अंश फिरते. मध्यावर भुजा दांडीशी काटकोनात हवी असते, आणि दर वेळी ती तशी बसेलच असे नाही. आता चार हातांची फुलीच्या आकाराची भुजा घ्या. एका हातापासून दुसरा पाव फेरीवर, म्हणजे सव्वासहा दात्यांवर, येतो. या पाव दात्याच्या फरकामुळे चारही हात अक्षाशी निरनिराळे कोन करतात, आणि फुली फिरवून योग्य हात निवडल्यास १४.४ ऐवजी ३.६ अंशांच्या पायऱ्या मिळतात. व्हर्निअर मोजपट्टीचेच हे तत्त्व. नको असलेले तीन हात मग कापून टाकावयाचे. २३ दात्यांनाही हीच युक्ती लागू पडते. २४ च्या बाबतीत मात्र पाव फेरीत बरोबर सहा दाते बसतात, चारही हात एकसारखेच ठरतात आणि युक्ती निरुपयोगी होते.

नायलॉन की धातू

सर्वोबरोबर फुकट मिळणारी भुजा बहुधा नायलॉनची असते. लहान विमानास ती उत्तम आहे. मोठ्या विमानात तिचे काय होते, हे आकड्यांनीच पाहणे बरे. समजा, भुजेचा छेद ८ मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड आहे, दांडीचे छिद्र अक्षापासून २५ मिलिमीटरवर आहे आणि सर्वो आपले २० किलोग्रॅम-सेंटिमीटर पूर्णपणे वापरीत आहे. तुंब्याच्या कडेशी, मध्यापासून ५ मिलिमीटरवर, भुजेतील प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला सुमारे ५० न्यूटन भरते. हवेतील दमटपणा शोषून स्थिरावलेल्या नायलॉनचे बळ साधारण एवढेच असते. म्हणजे भुजा आपल्या सामर्थ्याच्या काठावर उभी आहे. ६०६१ या प्रतीच्या, उष्णतेने कणखर केलेल्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे प्रतिबल-सामर्थ्य २७० च्या पुढे असते आणि ७०७५ या प्रतीचे ५०० च्या घरात.

बळापेक्षाही ताठपणातील तफावत डोळे उघडणारी आहे. वरील भाराखाली नायलॉनच्या भुजेचे टोक सुमारे एक मिलिमीटर लवते, म्हणजे सर्वोने दिलेल्या कोनातील जवळजवळ अडीच अंश वाटेतच हरवतात. अ‍ॅल्युमिनियमच्या तेवढ्याच भुजेचे टोक मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्श्याइतके लवते. नायलॉनची आणखी एक खोड अशी, की तो कोरडा असताना कडक व ठिसूळ असतो आणि पाणी पिऊन लवचीक होतो. त्यातच उष्णतेने तो आणखी मऊ पडतो. पावसाळ्यात जोखलेली भुजा आणि उन्हात बंद मोटारीतून मैदानावर आणलेली भुजा यांचे वर्तन एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून धातूची भुजा घ्यावी आणि निश्चिंत व्हावे, असे कोणी म्हणेल, तर तेही पुरते खरे नाही. अ‍ॅल्युमिनियमला शिणवटा येतो. पोलादाच्या बाबतीत प्रतिबल एका मर्यादेखाली ठेवले तर हेलकावे कितीही झाले तरी ते टिकते; अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित सुरक्षित मर्यादा नाही. एका सिलिंडरचे दोन-धावी इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असता सेकंदाला शंभर धक्के देते, दहा मिनिटांच्या उड्डाणात ६०,०००. भुजेवर छिद्राची कडा ओबडधोबड राहिली असेल, कानशीचा ओरखडा उठला असेल, तर चीर तेथूनच सुरू होते. शिवाय सर्वोचा अक्ष पोलादाचा किंवा टायटॅनियमचा असेल तर भुजेचे मऊ दाते हळूहळू झिजतात. तुंब्याभोवती काळपट भुकटी दिसू लागणे ही त्या झिजेची खूण आहे, आणि ती पुसून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. याकरिता मोठ्या विमानांच्या भुजांना तुंब्यापाशी एक चीर ठेवून ती आडव्या स्क्रूने आवळण्याची योजना असते. दाते अक्षाला सर्व बाजूंनी घट्ट कवळतात. मधला उभा स्क्रू तरीही हवाच. तो लावावयाचे विसरल्याने गमावलेल्या विमानांची कथा प्रत्येक मैदानावर ऐकावयास मिळते. धातूच्या आट्यांवर स्क्रू न सैलावू देणारा द्रव लावावा, पण थेंबभरच. काही प्लास्टिकांना त्याने तडे जातात आणि सर्वोची डबी प्लास्टिकची असते.

भुजा दुर्बळ ठेवली तर अपघातात ती आधी मोडेल आणि महागडी दंतचक्रे वाचतील, असा युक्तिवाद काही जुने छांदिष्ट करतात. जमिनीवर धावताना वळविण्याच्या चाकापुरता तो पटण्याजोगा आहे, कारण ते चाक खड्ड्यात आपटते आणि ते निकामी झाले तरी विमान आकाशातून पडत नाही. एलेरॉन, शेपटीची आडवी झडप आणि सुकाणू यांच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद स्वीकारण्यासारखा नाही; तेथे वाचविलेल्या दंतचक्रांचा उपयोग ढिगाऱ्यातून ती वेचून काढण्यापुरताच उरतो.

दांडी भुजेला कशी जोडली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. गोळीचा सांधा भुजेच्या एकाच अंगास लावला तर दांडीची ओढ भुजेच्या मध्यपातळीतून न जाता बाजूने जाते आणि भुजा पिळली जाते. लांब स्क्रूवर तो दूर बसविला तर हा पीळ वाढतच जातो. भुजेला दोन्ही अंगांनी कवेत घेणारा दुहेरी सांधा हा दोष टाळतो.

फडफड

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इंग्लंडमधील हँडली पेजच्या जुळ्या इंजिनांच्या बाँबफेकी विमानाच्या शेपटीत भयंकर कंप सुरू होत असे. तपासाचे काम एफ. डब्ल्यू. लँचेस्टर यांच्याकडे आले. शेपटीच्या डाव्या व उजव्या आडव्या झडपा एकमेकींशी ताठपणे जोडलेल्या नसून वेगवेगळ्या तारांनी वैमानिकाच्या दांड्याशी जोडल्या होत्या. एक वर गेली की दुसरी खाली जाई आणि विमानाचे धड पिळवटून निघे. वाऱ्यातून ऊर्जा शोषून हा कंप स्वतःच स्वतःला वाढवीत होता. दोन्ही झडपा एका ताठ नळीने परस्परांशी जोडणे, हा लँचेस्टर यांनी सुचविलेला उपाय होता.

याच रोगास आज फडफड म्हणतात, आणि मोठ्या मॉडेलांचा तो एक मोठा वैरी आहे. झडपेची नियंत्रणे ढिली वा लवचीक असली, की एका ठरावीक वेगापलीकडे वारा झडपेला हेलकावे देऊ लागतो. प्रत्येक हेलकाव्यात झडप वाऱ्याकडून थोडी ऊर्जा घेते आणि पुढचा हेलकावा मोठा होतो. मैदानावरील लोकांना एक घरघर ऐकू येते. ती ऐकल्यावर इंजिन मंद करून वेग कमी करण्यास चालकाला फारच थोडा अवसर मिळतो. अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर यांतील फरक, किंवा भुजेचे ते अडीच अंशांचे लवणे, यांकडे काणाडोळा का करावयाचा नाही, याचे कारण हे आहे.

परीक्षा

भुजा विमानात बसविण्यापूर्वी तिची परीक्षा घेणे अवघड नाही. शाळेच्या कार्यशाळेत मिळणारी साधने त्यास पुरतात. चालू सर्वोवरच परीक्षा घेण्याचा मोह टाळावा, कारण लागणाऱ्या भाराने त्याची दंतचक्रे बिघडतील. त्याच बनावटीच्या निकामी सर्वोतील दातेरी अक्षाचे शेवटचे चक्र काढून ते पोलादी पट्टीवर खिळ्यांनी पक्के करावे आणि पट्टी व्हाइसमध्ये आवळावी. त्या अक्षावर भुजा आडवी बसवावी, मधला स्क्रू आणि आवळण्याचा स्क्रू नेहमीच्या रीतीनेच लावावेत. भुजेच्या छिद्रात विमानात वापरावयाचाच सांधा अडकवून त्याला एक बादली टांगावी. बादली जमिनीपासून चार बोटे वर असावी. मोडल्यावर फार खाली पडू नये हा हेतू. डोळ्यांवर चष्मा आणि पाय बादलीपासून दूर, हे सांगावयास नकोच.

मग मापाने पाणी ओतावयाचे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, म्हणून वजनांच्या संचाची गरज पडत नाही; रिकाम्या बादलीचे वजन तेवढे आधी करून ठेवावे. वरील उदाहरणातील भुजेवर सर्वोच्या पूर्ण बळाशी जुळणारा भार ८ किलोग्रॅम होतो. तो दिल्यावर एक मिनिट थांबून, छिद्र किती खाली आले ते डायल गेजवर वाचावे. दुसरे वाचन तुंब्याचे. तेथे सायकलच्या तारेचा ३० सेंटिमीटर लांब काटा चिकटवून त्याच्या टोकामागे मोजपट्टी उभी केली, तर तुंबा एक अंश फिरताच काटा ५ मिलिमीटरांहून थोडा अधिक सरकतो. या दोन वाचनांमुळे भुजेचे लवणे व तुंब्याचे दात्यांवर सरकणे ही दोन वेगवेगळी दुखणी निराळी ओळखता येतात. धातूच्या भुजेत पहिले जवळजवळ नसतेच. जी हालचाल दिसेल तिचा संशय दात्यांवर घ्यावा.

यानंतर पाणी काढून टाकावे आणि गेज मूळ आकड्यावर परतला की नाही ते पाहावे. परतला तर भार दुप्पट, म्हणजे १६ किलोग्रॅम, करून तीच क्रिया पुन्हा करावी. दुप्पट एवढ्यासाठी, की विमान जमिनीवर टेकताना झडप गवतात अडकली, किंवा आडदांड वावटळ आली, तर सर्वो स्वतः देऊ शकतो त्याहून अधिक भार बाहेरून भुजेवर येऊ शकतो. पाणी काढल्यावर काटा वा गेज पूर्ण परतला नाही तर ती भुजा वाकली किंवा सरकली आहे. ती तशीच सरळ करून वापरू नये. भुजा उलटी करून विरुद्ध दिशेनेही परीक्षा घ्यावी, कारण हवेत ओढ आणि रेटा आलटून पालटून येतात.

एकाच खेपेत चार-सहा भुजा आणल्या असतील, तर त्यांतील एक मोडेपर्यंत भार वाढवीत नेणे हा पैशांचा अपव्यय नव्हे. मोडल्याची जागा बरेच सांगून जाते. छिद्रापाशी मोडली तर छिद्र मोठे किंवा कडेला फार जवळ पाडले गेले आहे. तुंब्याच्या मुळाशी मोडली तर छेद अपुरा आहे किंवा तेथे तीक्ष्ण कोपरा राहिला आहे. आणि भुजा अखंड राहून दातेच सोलून निघाले तर जाड भुजा घेऊन काही साधणार नाही, तुंबा बदलला पाहिजे.

स्थिर भाराच्या या परीक्षेने शिणवट्याचा अंदाज मात्र येत नाही. त्यासाठी भुजा खऱ्या सर्वोवर बसवून, तिचे टोक योग्य ताकदीच्या स्प्रिंगला जोडून, सर्वो-परीक्षकाच्या साहाय्याने ती तासभर मागे-पुढे चालविण्याची पद्धत आहे. आरंभी तुंबा व अक्ष यांच्यावरून रंगाची एकच बारीक रेघ ओढून ठेवावी. अखेरीस रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून ढळलेले दिसले, भुकटी आढळली, किंवा ढिलेपणा वाढला, तर निकाल स्पष्ट आहे.

मोठ्या विमानांत एका सुकाणूला दोन, क्वचित तीन किंवा चार सर्वो जोडतात. तेथे एक शेवटची तपासणी उरते, ती अँपिअर-मापकाची. अशा सर्व भुजा एकाच लांबीच्या असल्या पाहिजेत आणि मध्यावरच नव्हे तर दोन्ही टोकांनाही त्यांचे कोन जुळले पाहिजेत. एक भुजा अंशभर पुढे राहिली तरी प्रत्येक सर्वो दुसऱ्यास आपल्या जागी ओढू पाहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. सुकाणू स्तब्ध असते, पण सर्वो तापतात आणि विजेरी अकाली रिती होते. म्हणून आधी दांड्या सोडवून प्रत्येक सर्वो किती प्रवाह घेतो ते टिपावे, मग दांड्या जोडून, सुकाणू मध्यावर, डावीकडे व उजवीकडे ठेवून, एकूण प्रवाह मोजावा. तो आधीच्या बेरजेहून ठळकपणे अधिक आला, तर भुजा उतरवून दात्यांवर पुन्हा बसवाव्या लागतात, दांड्यांची लांबी आट्यांवर फिरवून कमी-जास्त करावी लागते, आणि मापकाचा काटा खाली येईपर्यंत हे काम चालू ठेवावे लागते.